एकवीस सेकंदांची बहीण

अल्माटीहून परत येऊन महिना झाला. ऑफिसात, बिल्डिंगीत, विहारात, जो भेटतो तो विचारतो, "काय मग, कसं होतं कझाकस्तान?" मी सफरचंदांबद्दल सांगते. सफरचंदं खरंच छान होती. लोक खूश होतात आणि पुढे जातात.

आमच्या घरात कुठलीही गोष्ट मीठमसाला लावून सांगायचं खातं गेली तीस वर्षं माझ्याकडे आहे. मी सांगायला बसले की भाचरं मोबाइल खाली ठेवतात, एवढाच काय तो माझा आयुष्यातला मोठेपणा. पण ही गोष्ट मला कुणाला सांगताच येईना. तोंड उघडलं की लाडवापाशी येऊन अडकायला होतं. म्हणून लिहून बघते.

चिंचपोकळी, निघायच्या आदल्या दिवशी

बाबांना भेटायला गेले. आम्ही दादरला राहतो, ते चिंचपोकळीच्या चाळीत भाऊ-वहिनीकडे. अंतर फार तर अर्ध्या तासाचं, पण पहिल्यांदाच परदेशी निघालेली मी असा निरोप घेत होते की जणू जहाजाने आफ्रिकेलाच चाललेय.

बाबा त्र्याऐंशी वर्षांचे. गिरणीच्या रिंगखात्यात, म्हणजे जिथे कापसाचं सूत काततात तिथे, त्यांची उमेदीची वर्षं गेली. संप झाला, गिरणी गेली, तिच्या जागी काचेची इमारत आली. बाबांकडे गिरणीच्या दोनच गोष्टी उरल्या. एक, यंत्रांच्या आवाजाने गेलेले कान. आणि दुसरा त्यांचा उजवा हात. रिकामे बसले की त्या हाताचा अंगठा पहिल्या बोटावर गोल गोल फिरत राहतो. नवख्याला वाटतं म्हातारा तंबाखू मळतोय. एकदा एका पाहुण्याने "काका, चिमूटभर इकडे पण," म्हणून तळहात पुढे केला होता. बाबांनी जन्मात तंबाखू खाल्लेली नाही. तो हात तुटलेली तार, म्हणजे सुताचा धागा, जोडतो. सूत कातायच्या साच्यावर शेकडो तारा फिरत असायच्या, एक तुटली की दोन बोटांच्या पिळाने क्षणात जोडायची आणि पुढे पळायचं. साचे भंगारात गेले, हाताला कुणी कळवलं नाही.

वहिनीने बेसनाच्या लाडवांचा डबा माझ्या पिशवीत कोंबला.

"एवढे कशाला गं?"

"तिकडे घोडा खातात म्हणे. भाओजी उपाशी राहतील."

बाबांच्या कानाशी ओरडून मी सांगितलं, "अल्माटीला चाललेय! चीनच्या अलीकडे!"

बाबांनी नेहमीचा प्रश्न विचारला. त्यांना कुठल्याही गावाचं नाव सांगा, ते हेच विचारतात. "तिथे गिरण्या आहेत का?"

"माहीत नाही, बाबा."

"मग बघून ये."

अल्माटी, पहिला दिवस

विमान, रांगा, शिक्के हे सगळं गाळते. त्यात मिलिंदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, दोनदा पट्टा काढायला लावला यापलीकडे काही घडलं नाही.

अल्माटीचं घड्याळ आपल्यापेक्षा फक्त अर्धा तास मागे. माझं आयुष्यभर तसंच असल्यामुळे मला तिथे लगेच घरच्यासारखं वाटलं. शहराच्या एका टोकाला बर्फाचे डोंगर असे उभे की वाटावं, रस्ता संपला की थेट त्यांच्यावरच चढायचं. आपल्याकडे रस्ता संपला की खोदकाम लागतं. मंडईत सुके जर्दाळू, अक्रोड, आणि बाळाच्या डोक्याएवढी सफरचंदं. एका गाळ्यावर जाडजूड सॉसेज लटकत होते. मिलिंदने बोट दाखवून विचारलं, "व्हॉट?" बाईला इंग्रजी येत नव्हतं. तिने दोन्ही मुठींत लगाम धरल्यासारखं केलं आणि जागच्या जागी दोन उड्या मारल्या. मिलिंदने त्या दिवशी सफरचंदांवर भागवलं.

आमच्या मुलीने नेटवरून एका घरातली खोली घेऊन दिली होती. त्या घराच्या मालकिणीचं नाव मी लिहीत नाही. गल्लीचं आणि तिच्या छोट्या खाणावळीचंही नाही. का ते पुढे कळेल.

बाई उइघुर. डोंगरांपलीकडे, चीनच्या पश्चिम टोकाला यांचा मुलूख. हा शब्द मी पूर्वी पेपरात पाहिला होता आणि पान उलटलं होतं. बाईचा नवरा व्यापारी, त्यामुळे लग्नानंतर काही वर्षं ती रावळपिंडीत राहिली होती आणि उर्दू बोलायची. मी माझं दादरचं हिंदी काढलं. "मेरेको तुम्हारा नूडल शिकना है." ती पोट धरून हसली आणि मला 'बाजी' म्हणू लागली. बाजी म्हणजे थोरली बहीण हे मला संध्याकाळी कळलं. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी निघाली. माझे केस रंगवलेले नव्हते, एवढाच माझा गुन्हा. मग मीही तिला 'ताई' म्हणायला लागले.

जेवायच्या आधी ती झारीने पाहुण्यांच्या हातांवर तीनदा पाणी घालते. पाणी पडलं आणि मी चाळीतल्या सवयीने हात झटकले. तिच्या गालावर चार थेंब. तिने गाल पुसला, माझे दोन्ही हात धरून टॉवेलात गुंडाळले आणि हळूच सांगितलं, "झटकना नहीं, बाजी. हमारे यहाँ झटकते नहीं. चुपचाप पोंछते हैं."

परक्या घरात पहिल्याच जेवणाला यजमानीण बाईच्या तोंडावर पाणी उडवलं, हा माझा त्या प्रवासातला सर्वांत मोठा गाढवपणा ठरेल असं मला वाटलं. तो अजून व्हायचा होता.

दुसरा दिवस

सकाळी तिच्या स्वयंपाकघरात लगमान शिकायला उभी राहिले. लगमान म्हणजे हाताने ओढलेल्या नूडल्स, वर मटण आणि सिमला मिरची. कणकेची तेल लावलेली दोरी ती हातांवर गुंडाळून ओट्यावर आपटायची, ओढायची, पुन्हा आपटायची, आणि दोरीच्या वीस दोऱ्या व्हायच्या. माझी दोरी दर वीतभर अंतरावर तुटत होती.

"रिंगखात्यातल्या माणसाची मुलगी ना तू?" मिलिंद दारातून म्हणाला.

त्यावरून मला बाबांचं काम आठवलं. ताईला म्हटलं, माझे वडील मुंबईत सुताच्या गिरणीत होते, त्यांनी विचारायला सांगितलंय, इथे गिरण्या आहेत का?

तिचे हात थांबले नाहीत. "यहाँ नहीं. उधर, मेरे वतन में, बहुत. मेरी छोटी बहन मिल में है."

"हो? कायमची? मतलब, परमनंट?"

"सरकार ले गई. कमरा वहीं. खाना वहीं."

आता माझं ऐका. आमचे आजोबा कोकणातल्या गावात महारकीची वेठ करत. मेलेली ढोरं ओढायची, टपाल घेऊन पुढल्या गावापर्यंत धावायचं, बोलावलं की जायचं, आणि त्याबद्दल दारोदार फिरून शिळी भाकरी मागायची. ते सोडून ते मुंबईला पळाले आणि गिरणीत लागले. आमच्या घरात गिरणी म्हणजे नोकरी नव्हती, सुटका होती. बदलीवाले म्हणून लोक वर्षानुवर्षं गेटवर उभे राहायचे, आज तरी आत घेतील म्हणून. बाबा परमनंट झाले तेव्हा आजोबांनी पूर्ण मजल्याला पेढे वाटले होते. आणि पुढे संपात घराघरांतून ती नोकरी कशी गेली, हे मी शाळकरी वयात पाहिलंय. तर सरकारने स्वतः न्यायचं, गिरणीत लावायचं, वर राहायला खोली? माझ्या तोंडातून आरोळीच निघाली.

"अरे वा! मुबारक हो, ताई!"

आणि मी ओट्यावर आणून ठेवलेला वहिनीचा डबा उघडला, बेसनाचा लाडू घेतला आणि आपल्याकडे भरवतात तसा तिच्या तोंडात घातला.

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या हातांत कणकेची दोरी होती, ती हळूहळू लांब होत खाली लोंबली. तिला वाटलं असतं तर लाडू थुंकता आला असता. तिने थुंकला नाही. पूर्ण चावला. बेसनाचा लाडू घशाला बसतो, पाण्याशिवाय उतरत नाही, तरी तिने तो तसाच गिळला. मग हात पुसून खुर्चीवर बसली.

"बाजी," ती म्हणाली, "तुझ्या वडिलांना कुणी घरातून उचलून नेलं होतं का?"

आमचं दोघींचं बोलणं इथून मराठीतच लिहिते, आमचं हिंदी छापण्यासारखं नव्हतं.

तिची धाकटी बालवाडीत शिकवायची. पाच वर्षांपूर्वी घरी माणसं आली आणि तिला कपडे भरायला सांगितलं. कारण काय, तर तिच्या मोबाइलमध्ये परदेशातला नंबर होता आणि त्यावर बोलणं व्हायचं.

"कुणाचा नंबर?" मी विचारलं.

"माझा. मी दर शुक्रवारी फोन करायचे. ती मला मुलांची गाणी म्हणून दाखवायची."

घरच्यांना सांगितलं, ती शाळेत गेलीय, शिकायला. मास्तरीण शाळेत. साडेचार वर्षं तिचा आवाज नाही. मध्ये आई गेली, तेही ताईला चार महिन्यांनी कळलं, कारण नातेवाइकांनी भीतीने तिचा नंबरच पुसून टाकला होता. मग निरोप आला की धाकटीची शाळा संपली, आता तिला सूतगिरणीत काम मिळालंय. गिरणीच्या आवारातच राहायचं. गेटच्या बाहेर यायचं नाही. कामाची पाळी संपली की वर्गात बसून सरकारचे आभार मानायला शिकायचं, परक्या भाषेत. नको म्हटलं तर परत त्या शाळेत.

"आणि सरकार काय म्हणतं?" मिलिंदने विचारलं. तो कधी आत येऊन बसला मला कळलंच नव्हतं.

"म्हणतं, हे शिक्षण आहे. रोजगार आहे. सगळे आपल्या खुशीने आलेत."

माझ्या हातात लाडवांचा डबा तसाच होता. झाकण लावावं की नाही हेही मला सुचेना. आम्ही ज्या गेटच्या आत जाण्यासाठी तडफडलो तेच गेट बाहेर पडू न देण्यासाठी वापरता येतं, हे पन्नाशी उलटलेल्या गिरणी कामगाराच्या मुलीला कधी सुचलं नव्हतं. आजोबा वेठीतून पळून गिरणीत आले. इथे गिरणीतच वेठ. पळून जायचं कुठे?

"मिलिंद," मी म्हटलं, "मी हिला पेढे वाटले रे."

"लाडू," तो म्हणाला. 

तिसरा दिवस

डोंगरावर जायचं तिकीट काढलं होतं. गेलो नाही. दुपारी ताई आमच्या खोलीच्या दारात आली, हातात मोबाइल.

"तुझे वडील सूत कातायचे म्हणालीस. मला एक दाखवायचंय."

तीन महिन्यांपूर्वी एका अनोळखी नंबरवरून तिला व्हिडिओ आला होता. एकवीस सेकंदांचा. पाठोपाठ तो नंबर बंद. पडद्यावर निळ्या टोपीतली एक बाई, मागे पांढरी भिंत. चेहरा ताईचाच, फक्त गाल आत ओढलेले. भुवयांवर कापसाची पांढरी कणी. ती सपाट आवाजात काहीतरी म्हणते आणि संपतं.

"काय म्हणतेय?"

"मी बरी आहे. मी खुशीने काम करते. माझी चौकशी करू नका." ताईने व्हिडिओ पुन्हा लावला. "तोंडाकडे बघू नकोस. हाताकडे बघ."

मी पाहिलं. अंगठा पहिल्या बोटावर गोल गोल फिरत होता.

"आमची आई दिवसभर जपमाळ ओढायची," ताई सांगत होती. तिचा चेहरा दोन दिवसांत पहिल्यांदाच उजळला होता. "असंच, अंगठ्याने. तिथे जपमाळ कुठली? नमाज पढला तरी शिक्षा. पण बघ, त्यांच्या कॅमेऱ्यासमोर, त्यांचं वाक्य बोलताना, ती मणी ओढतेय. मला सांगतेय की ती आतून तशीच आहे. मी रोज हे बघते, बाजी. यावर जगते. पण एक विचारायचंय. हात इतका भरभर का फिरतो? आई सावकाश ओढायची. गिरणीतल्या कामाने हात कापतो का? वडिलांना विचारशील? आजारी तर नसेल ना?"

आता काय करायचं? मला दिसत होतं. जन्मापासून तो हात बघत आलेय. "आजार वगैरे काही नाही, थंडीने होत असेल," असं म्हणून मला वेळ मारून नेता आली असती. एरवी मी घरात दिवसातून दहा वेळा मारून नेते. पण ती बहिणीच्या तब्येतीचं विचारत होती, आणि ते मला खरंच माहीत नव्हतं. मी चिंचपोकळीला व्हिडिओ कॉल लावला.

आधी पंखा दिसला. मग वहिनीची हनुवटी.

"बाबांना दे! मोबाइल सरळ धर!"

"सरळच धरलाय!"

मग बाबांचा अर्धा चेहरा आला. मी घसा फोडून सगळं सांगितलं. ताईने व्हिडिओ पाठवायला नकार दिला, तो तिच्या मोबाइलबाहेर जाऊ द्यायचा नाही. म्हणून तिने तिचा मोबाइल माझ्या मोबाइलसमोर धरला. अल्माटीतल्या एका पडद्यातून दुसऱ्या पडद्यात, आणि तिथून चाळीतल्या पलंगापर्यंत ते एकवीस सेकंद गेले. बाबांनी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा. चौथ्यांदा पाहताना त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

ते बोलतील ते मला फिरवून सांगता येईल, असा माझा अंदाज होता. पण समोर परकी बाई बघून बाबा थेट हिंदीत बोलले. कान गेलेल्या माणसाचा मोठा आवाज. ताई बोलली की ते वहिनी त्यांच्या कानाशी ओरडून पोचवायची.

"बहनजी, बीमार नहीं है. ये तार जोडने का हाथ है. रिंगखाते का. मेरा भी ऐसाच हुआ था."

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मग ती मोबाइलकडे वळली. "तार?"

"धागा टूटता है ना. दो उंगली में पकडके पीळ देना. दिनभर. बाद में हाथ खाली भी चलता है. हाथ को समझता नहीं."

 जपमाळेचे मणी तिच्या डोळ्यांसमोर एकेक करून धागे होत असावेत. मला वाटलं, आता मोबाइल ठेवेल. पण तिने विचारलं, "तीन महीने पहले का वीडियो है. तब मिल में आए उसको दो महीने हुए थे, ऐसा बोले. दो महीने में ऐसा हो जाता है?"

बाबा हसले. साधं, कामातल्या माणसाचं हसू, नवशिक्याच्या प्रश्नावरचं. "दो महिने में तो नुसता उंगली फटता है. हाथ में बैठने को तीन बरस लगता है. कम से कम तीन बरस."

आणि मग त्यांनाच ते ऐकू आलं असावं. हसू तसंच राहिलं, डोळे बदलले.

ताई मनात हिशेब करत होती. मीही करत होते. तीन वर्षं. म्हणजे ज्या काळात घरच्यांना सांगितलं जात होतं की ती शाळेत आहे, वर्गात बसते, शिकते, त्या काळात ती साच्यापुढे उभी होती. शाळा नव्हतीच. आई गेली त्या दिवशीही ती तारा जोडत होती.

"ये नोकरी नहीं है," बाबा मराठी-हिंदीत म्हणाले. "ही वेठ आहे. माझ्या बापाने केली. मेरे बाप ने किया, बहनजी."

ताईने माझा मोबाइल दोन्ही हातांत घट्ट धरला. "चचा, एक बात. वो घर आएगी तो... ये हाथ रुकता है? छूट जाता है?"

माझे बाबा खोटं बोलत नाहीत. माझी बारावीची गुणपत्रिका पाहून "तुला अक्कल कमी आहे" असं सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणालेला माणूस आहे तो. मी डोळे मिटून घेतले.

"छूटता है ना," बाबा म्हणाले. "घर का खाना मिला, नींद मिला, की आठ दिन में बंद. पक्का. मैं बोलता है ना."

ताईने मोबाइल कपाळाला लावला. मग दोन्ही तळहात चेहऱ्यावरून फिरवले, जेवण झाल्यावर ते लोक दुवा मागताना करतात तसे.

निघताना तिने सांगितलं, फोन करू नकोस, फोटो टाकू नकोस, नाव लिहू नकोस. बाकी जे पाहिलंस ते सांग. उरलेले लाडू तिने ठेवून घेतले. रिकामा डबा परत देत नाहीत म्हणून डब्याबरोबर माझ्या पिशवीत सफरचंदं भरली.

चिंचपोकळी, पुन्हा

ती सफरचंदं घेऊन बाबांकडे गेले. बाबा पलंगावर बसले होते, अंगठा बोटावर फिरत होता. गिरण्या आहेत का, हे त्यांनी या वेळी विचारलं नाही. "तिची बहीण सुटली का?" एवढंच विचारलं. मी मान हलवली, नाही. त्यांनी सफरचंद हातात घेतलं आणि तसंच ठेवून दिलं.

स्वयंपाकघरात वहिनी सफरचंदं धूत होती.

"त्या दिवशी फोनवर बाबांना काय झालं होतं गं?" तिने हळूच विचारलं. "इतक्या वेळा मला खुणावत होते, मोबाइल तोंडावरच धर, खाली नेऊ नको म्हणून."

"कधी?"

"ते शेवटी बोलत होते बघ, आठ दिन, आठ दिन. तेव्हा उजवा हात मांडीखाली घालून त्याच्यावर बसले होते. नंतर मुंग्या आल्या म्हणून मलाच चोळायला लागला."

मी तिच्या हातातली सफरचंदं घेतली आणि धुवायला लागले. धुऊन झाल्यावर हात झटकायला उचलले, तसेच थांबले, आणि पदराला पुसले.